पॉवर सगळ्यात शेवटी: रेसिंग गेममधली गाडी टप्प्याटप्प्याने कशी तयार करावी

नवीन गाडी घेतली आहे, खात्यात थोडे क्रेडिट्स, म्हणजे गेममधले पैसे, उरले आहेत आणि समोर पार्ट्सचं दुकान उघडलंय. अशा वेळी बहुतेकांचा हात सरळ टर्बोकडे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पार्टकडे, जातो. मीही बरीच वर्षं हेच करत होतो. टर्बो बसवला की स्क्रीनवरचा हॉर्सपॉवरचा आकडा टणकन वर जातो आणि बरं वाटतं. मग रेस सुरू होते. सरळ रस्त्यावर आपण दोन गाड्या मागे टाकतो आणि पहिल्याच वळणात त्याच दोन गाड्या आतल्या बाजूने निघून जातात, कारण आपली गाडी वळायलाच तयार नसते.

गाडी तयार करायची म्हणजे आधी तिला थांबता आणि वळता आलं पाहिजे, पळायचं नंतर. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय. उदाहरणं मुख्यतः ग्रॅन टुरिस्मो ७ आणि फोर्झा होरायझन ५ या दोन गेममधली आहेत. दुकानांची मांडणी वेगळी आणि काही नावं वेगळी असली, तरी टायरला, वजनाला आणि हवेला दोन्हीकडे तेच नियम लागू होतात. त्यामुळे तुम्ही दुसरा कुठलाही गेम खेळत असाल तरी हा क्रम तसाच वापरता येईल.

आधी एकही क्रेडिट खर्च करू नका

गाडी आहे तशी घ्या आणि एकाच ट्रॅकवर दहा लॅप मारा. ट्रॅक छोटा निवडा. मला यासाठी जपानमधला त्सुकुबा आवडतो. लांबी २ किलोमीटरच्या किंचित वर, पण तेवढ्यात घट्ट हेअरपिन, म्हणजे गाडीला जवळजवळ उलट दिशेला फिरवणारी वळणं, आहेत, मागचा सरळ रस्ता आहे आणि शेवटी उजवीकडे जाणारं एक लांबलचक वळण आहे. तेच वळण मिनिट-सव्वा मिनिटात पुन्हा समोर येतं, त्यामुळे मागच्या वेळी गाडी कशी वागली ते ताजं आठवतं. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ २०.८ किलोमीटरचा आहे. तिथे एकाच वळणाची दोनदा तुलना करायची तर मध्ये कित्येक मिनिटं जातात. ट्रॅक सुंदर आहे, पण चाचणीसाठी नको.

चाचणीच्या वेळी मदतनीस सेटिंग्ज कमी करा. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी मदत, राहू दे. पण ट्रॅक्शन कंट्रोल ५ वर ठेवलंत तर वळणातून बाहेर पडताना मागची चाकं फिरतात की नाही हे कळणारच नाही, कारण गेम गुपचूप पॉवर कापत असतो. ते १ किंवा ० वर आणा. स्टेबिलिटी कंट्रोल आणि काउंटर-स्टिअरची मदत पूर्ण बंद करा. रेसमध्ये हवी तर परत चालू करता येईल.

हाताशी एक वही ठेवा आणि पानावर तीन रकाने आखा: वळणात शिरताना, वळणाच्या मध्यात, वळणातून बाहेर पडताना. प्रत्येक रकान्यात दोनच गोष्टी टिपायच्या. गाडीचं नाक बाहेर ढकललं जातंय का, म्हणजे अंडरस्टिअर. की शेपटी सुटतेय, म्हणजे ओव्हरस्टिअर. ‘गाडी नीट वळत नाही’ एवढंच लिहिलं तर पुढे काय बदलायचं ते कळत नाही. ‘शेवटच्या वळणात, मध्यात, नाक बाहेर’ असं लिहिलं की निम्मं काम झालं, कारण वळणाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळ्या पार्ट्सची सत्ता चालते.

मग मर्यादा बघा

कुठल्या रेससाठी गाडी करताय ते खरेदीच्या आधी ठरलं पाहिजे. फोर्झा होरायझन ५ मध्ये ‘ए’ क्लासची मर्यादा ८०० गुणांची, ‘बी’ची ७०० आणि ‘एस१’ची ९००. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये पीपीचा, म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट्सचा, आकडा असतो आणि रेसच्या अटींमध्ये कमाल पीपी दिलेला असतो. अशा रेसमध्ये प्रत्येक पार्ट दोनदा किंमत मागतो, एकदा क्रेडिट्समध्ये आणि एकदा गुणांमध्ये. टर्बोने ६० गुण खाल्ले की तेवढे गुण टायर आणि वजनासाठी उरत नाहीत.

ग्रॅन टुरिस्मो ७ मधली एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: तिथे पीपी फक्त पार्ट्सवर ठरत नाही. गाडीची उंची, डाउनफोर्स (हवेने गाडीला खाली दाबणारा जोर), गिअरचे रेशो बदलले तरी पीपी हलतो. तासभर सेटिंग जुळवून रेसला जावं आणि दोन पीपी जास्त झाल्यामुळे प्रवेशच मिळू नये, असं होतं. म्हणून मर्यादेच्या थोडं खाली राहून सेटिंग पूर्ण करा आणि उरलेली फट शेवटी भरा. त्यासाठी पॉवर रिस्ट्रिक्टर आणि बॅलास्ट (मुद्दाम लादलेलं वजन) या दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. रिस्ट्रिक्टरने टक्क्या-टक्क्याने पॉवर कमी करता येते. बॅलास्टचं वजन पुढे-मागे सरकवता येत असल्यामुळे त्याने वजनाची विभागणीही सुधारता येते.

पहिली खरेदी टायर

इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन यांचं सगळं काम शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून रस्त्यापर्यंत पोचतं. ते ठिपके कमजोर असतील तर वरचा सगळा खर्च वाया जातो. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये कोरड्या रस्त्यासाठी कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग असे तीन प्रकार आणि प्रत्येकात हार्ड, मीडियम, सॉफ्ट आहेत. कम्फर्टवरून स्पोर्ट्सवर गेल्यावर गाडीत जो फरक पडतो, तो त्या किमतीत दुसऱ्या कुठल्याच पार्टने पडत नाही.

पण आंधळेपणाने सगळ्यात चिकट टायर घेऊ नका. रेसला टायर झिजण्याचा गुणक लावला असेल तर सॉफ्ट टायर काही लॅपनंतर हातात काही ठेवत नाही. तिथे मीडियम किंवा हार्डवर एक पिटस्टॉप वाचवणं फायद्याचं ठरतं. फोर्झामध्ये गणित आणखी वेगळं. रेस कंपाउंड, म्हणजे रेसिंगच्या रबराचा टायर, भरपूर गुण खातो, म्हणून खालच्या क्लासमध्ये स्टॉक (गाडीसोबत आलेला) किंवा स्ट्रीट कंपाउंड ठेवून टायरची रुंदी वाढवणं बरेचदा स्वस्तात पडतं. दोन्ही करून बघा, लॅपटाइम लिहा आणि मग ठरवा.

वजन

१९८९ ची पहिली युनोस रोडस्टर घेऊ. वजन ९४० किलो, ताकद १२० हॉर्सपॉवर. म्हणजे प्रत्येक हॉर्सपॉवरवर ७.८ किलोचा भार. वजन १० टक्के उतरवलं की ८४६ किलो होतं आणि भार ७.०५ वर येतो. वजन न उतरवता हाच आकडा गाठायचा तर इंजिनमधून १३३ हॉर्सपॉवर काढावे लागतील. सरळ रस्त्यावर वेग पकडताना दोन्ही गाड्या सारख्याच. पण हलकी गाडी ब्रेक उशिरा लावू देते, वळणात जास्त वेग नेते आणि टायर कमी झिजवते. तेरा हॉर्सपॉवर यातलं काहीच देत नाहीत. वजनाला मी पॉवरच्या आधी जागा देतो ती यासाठी.

इथे ग्रॅन टुरिस्मो ७ मधला एक धोका सांगायला हवा. वजन कमी करण्याचे टप्पे, बॉडीचा कडकपणा वाढवणं, इंजिनचं बोअर-अप, स्ट्रोक-अप, पोर्ट पॉलिश, हाय-लिफ्ट कॅमशाफ्ट हे बदल कायमचे असतात. टायर किंवा एक्झॉस्टसारखे ते काढून ठेवता येत नाहीत. गेम विचारतो, आपण घाईत ‘हो’ म्हणतो आणि कमी पीपीच्या रेससाठी ठेवलेली गाडी त्या रेसच्या बाहेर जाते. आवडती गाडी असेल तर तिची एक प्रत स्टॉक ठेवा आणि दुसरीवर हात चालवा.

ज्या पार्ट्समुळे स्लायडर उघडतात ते

आता असे पार्ट घ्यायचे जे स्वतः गाडीला फारशी पळवत नाहीत, पण सेटिंगचे दरवाजे, म्हणजे आकडे कमी-जास्त करायचे स्लायडर, उघडतात. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये पूर्ण बदलता येणारं सस्पेन्शन, पूर्ण बदलता येणारा एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा पार्ट), पूर्ण बदलता येणारा रेसिंग गिअरबॉक्स आणि ब्रेक बॅलन्स कंट्रोलर (ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटणारा). फोर्झामध्ये रेस सस्पेन्शन, पुढचा-मागचा रेस अँटी-रोल बार (वळणात गाडीला एका बाजूला कलू न देणारा दांडा), रेस डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स. तिथे स्पोर्ट गिअरबॉक्समध्ये फक्त फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना एकत्र लागू होणारा रेशो) बदलता येतो, एकेक गिअर सुटा बदलायचा तर रेस गिअरबॉक्स लागतो. माझ्या मते बहुतेक गाड्यांना स्पोर्ट पुरतो आणि वाचलेले गुण टायरवर लावता येतात.

पैसे कमी असतील तर यातलं सस्पेन्शन आधी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, समजा सिव्हिक टाइप आर, असेल तर डिफरन्शियलही लगेच. अशा गाडीत वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक हवेत फिरल्यासारखं फिरतं आणि सगळी ताकद तिथेच जिरते. चांगला एलएसडी बसला की तीच गाडी स्वतःला वळणातून ओढून काढते.

आणि आता इंजिन

इथपर्यंत आल्यावर मर्यादेत जेवढी जागा उरली तेवढी पॉवर घ्या. निवडताना कमाल आकड्यापेक्षा ताकदीचा आलेख बघा. टर्बो निवडताना कमी, मध्यम की जास्त आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) हे विचारलं जातं. जास्त आरपीएमचा टर्बो कागदावर मोठा दिसतो, पण हेअरपिनमधून निघताना इंजिन खालच्या आरपीएमवर असतं आणि टर्बो जागा व्हायला वेळ घेतो. त्सुकुबासारख्या ट्रॅकवर मध्यम आरपीएमचा टर्बो किंवा नुसता एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर जास्त उपयोगी पडतो. इटलीतल्या मोन्झावर लांब सरळ रस्ते आहेत, तिथे मोठा टर्बो शोभतो.

पॉवरकडून किती अपेक्षा ठेवायची हेही हवेचं गणित सांगतं. वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. त्यामुळे पॉवर २० टक्के वाढवली तरी टॉप स्पीड जेमतेम ६ टक्के वाढतो, २०० चा २१२. एवढ्यासाठी वळणातली पकड गमावणं परवडत नाही.

इंजिन बदलणं हा मोह फोर्झामध्ये पहिल्या दिवसापासून असतो. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये त्यासाठी कलेक्टर लेव्हल ५० गाठावी लागते. जड इंजिन पुढे बसवलं की गाडीचं नाक जड होतं आणि मूळ गाडीचा सगळा चपळपणा जातो. हलकं इंजिन आणि मर्यादेत बसणारी ताकद असं जमत असेल तरच बदला.

ट्यूनिंग: सुरुवातीचे आकडे

पार्ट्स बसले. आता स्लायडर.

टायरचा दाब फोर्झा आणि असेटो कोर्सा कोम्पेतित्सिओनेसारख्या गेममध्ये असतो, ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये नसतो. दाब नेहमी गरम टायरचा मोजायचा. तीन-चार लॅप मारा, टेलिमेट्री, म्हणजे चालत्या गाडीचे आकडे दाखवणारी स्क्रीन, उघडा आणि मग गॅरेजमध्ये जाऊन थंड दाब तेवढा कमी-जास्त करा. कोम्पेतित्सिओनेमध्ये कोरड्या ट्रॅकवर गरम दाब २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान आला पाहिजे, आणि हवा तापली की तो बदलतो, म्हणून रेसच्या दिवशी परत बघावा लागतो.

गिअर सोपे आहेत. तुमच्या ट्रॅकवरच्या सगळ्यात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, ब्रेक लावायच्या जरा आधी, शेवटचा गिअर आरपीएमच्या लाल रेषेजवळ पोचला पाहिजे. त्याआधीच लाल रेषेला आपटत असेल तर फायनल ड्राइव्हचा आकडा कमी करा, पोचतच नसेल तर वाढवा. ४.१ चा ३.९ केला तर प्रत्येक गिअर साधारण ५ टक्के लांब होतो. आधी २२० ला संपणारा गिअर आता २३१ पर्यंत जाईल.

अँटी-रोल बार, स्प्रिंग आणि डॅम्परसाठी (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक ॲब्सॉर्बर) फोर्झा खेळणाऱ्यांत एक जुनं सूत्र वापरात आहे. स्लायडरच्या कमाल आणि किमान आकड्यांतला फरक घ्या, त्याला त्या बाजूच्या वजनाच्या टक्केवारीने गुणा आणि किमान आकडा मिळवा. समजा गाडीचं ५४ टक्के वजन पुढे आहे आणि बारचा स्लायडर १ ते ६५ आहे. पुढचा बार ६४ गुणिले ०.५४ अधिक १, म्हणजे ३५.६. मागचा ६४ गुणिले ०.४६ अधिक १, म्हणजे ३०.४. डॅम्परचा रिबाउंड (स्प्रिंग ताणताना होणारा विरोध) १ ते २० असेल तर पुढे १९ गुणिले ०.५४ अधिक १, म्हणजे ११.३. बंप (स्प्रिंग दबताना होणारा विरोध) त्याच्या साधारण ६० टक्के ठेवा, ६.८ च्या आसपास. या आकड्यांवर गाडी चालवण्याजोगी होते, वेगवान होत नाही. वेग पुढच्या भागात मिळतो.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा (उणे) कोन, पुढे थोडा जास्त, मागे थोडा कमी ठेवून सुरू करा. टेलिमेट्री असेल तर वळणाच्या मध्यात बाहेरच्या टायरचा कॅम्बर शून्याच्या जवळ, किंचित उणे दिसला पाहिजे. तसा दिसला म्हणजे टायर पूर्ण रुंदीने रस्त्यावर टेकलाय. कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) असेल तर ५ अंशांपासून सुरुवात करा. मागच्या चाकांना किंचित टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळवणं) दिला की मागची बाजू शांत राहते. पुढचा टो शून्यच ठेवा.

वही उघडा: आजारावर औषध

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. आता तीन रकाने कामाला येतात.

वळणात *शिरताना* गाडी ब्रेक आणि पुढे सरकणाऱ्या वजनाच्या ताब्यात असते. ब्रेक सोडता सोडता शेपटी सुटत असेल तर ब्रेक बॅलन्स एक घर पुढे न्या किंवा एलएसडीची ब्रेकिंग सेन्सिटिव्हिटी वाढवा. फोर्झामध्ये तिलाच डिफरन्शियलचा डिसेलरेशन म्हणतात. उलट नाक वळतच नसेल तर हीच दोन कमी करा, म्हणजे बॅलन्स मागे आणि सेन्सिटिव्हिटी खाली. ब्रेक बॅलन्स ग्रॅन टुरिस्मोमध्ये चालू रेसमध्येही बदलता येतो. टायर झिजत जातात तसा मी तो हलवत राहतो.

वळणाच्या *मध्यात* ब्रेकही नसतो आणि ॲक्सिलरेटरही जवळजवळ नसतो. तिथे राज्य स्प्रिंग, अँटी-रोल बार आणि कॅम्बरचं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: जी बाजू मऊ, तिची पकड जास्त. नाक बाहेर जात असेल तर पुढचा बार मऊ करा किंवा मागचा कडक. शेपटी सुटत असेल तर उलट.

वळणातून *बाहेर पडताना* डिफरन्शियल बोलतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आतलं एकच चाक फिरून धूर काढत असेल तर ॲक्सिलरेशन सेन्सिटिव्हिटी कमी पडतेय. दोन्ही चाकं एकदम सुटून गाडी झटक्यात आडवी होत असेल तर ती जास्त झालीय. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये हा आकडा ५ ते ६० असतो. दोन-तीनच्या पायऱ्यांनी बदला, दहाच्या उड्या मारू नका. चारही चाकांवर चालणारी गाडी बाहेर पडताना नाक बाहेर ढकलत असेल तर मधल्या डिफरन्शियलमधून जास्त ताकद मागे पाठवा.

आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा, कारण त्याने कित्येक तास वाचतात. त्रास फक्त वेगवान वळणांत होतो का? डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० ला ५० किलोने दाबणारी विंग २०० ला २०० किलोने दाबते. म्हणून हेअरपिनमध्ये विंग जवळजवळ झोपलेली असते. हेअरपिनमध्ये गाडी छान आणि वेगवान वळणांत शेपटी सुटते, तर सस्पेन्शनला हात लावू नका, मागची विंग वाढवा. हेअरपिनमध्येच नाक बाहेर जातंय, तर विंगचा दोष नाही, बार आणि स्प्रिंग बघा. हा फरक कळायच्या आधी मी विंगचा त्रास स्प्रिंगने दुरुस्त करायला बघायचो. एक वळण सुधारायचं आणि दोन बिघडायची.

एक संध्याकाळ, एक वळण

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते रोडस्टरवरच दाखवतो. स्पोर्ट्स मीडियम टायर, पूर्ण बदलता येणारं सस्पेन्शन, वजनाचा पहिला टप्पा, इंजिन स्टॉक. त्सुकुबाचं शेवटचं वळण. मागच्या सरळ रस्त्यावरून ब्रेक लावून आत यायचं आणि मग ते उजवं वळण संपता संपत नाही. वहीत सलग चार लॅपना एकच ओळ आली: शिरताना ठीक, मध्यात नाक बाहेर, बाहेर पडताना ॲक्सिलरेटरसाठी थांबावं लागतं.

तिसऱ्या रकान्यातली तक्रार खोटी होती. थांबावं लागत होतं कारण मध्यातच गाडी लाइनच्या बाहेर गेलेली असायची. दुसरा रकाना सुधारला की तिसरा आपोआप सुधारेल असं धरलं आणि डिफरन्शियलला हात लावला नाही. पुढचा अँटी-रोल बार ६ वरून ४ वर आणला. तीन लॅप. नाक आत राहू लागलं, पण वळणात शिरताना गाडी ढिली वाटायला लागली, स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर थांबून मग वळणारी. बार ५ वर आणला आणि मागचा एकाने कडक केला. आता शिरताना गाडी तत्पर होती आणि मध्यात तिच्या लाइनवर होती. फक्त बाहेर पडताना खडबडीत कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर, मागचं चाक उडायला लागलं. मागचा डॅम्पर थोडा मऊ केला, मग मागच्या टो-इनमध्ये किंचित भर घातली. यानंतर पूर्वीपेक्षा बरंच आधी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता येऊ लागला, आणि त्या वळणानंतर लगेच मुख्य सरळ रस्ता असल्यामुळे तो फायदा पार रेषेपर्यंत पुरला. इंजिनमध्ये एक हॉर्सपॉवर न वाढवता गाडी सरळ रस्त्यावर वेगवान झाली होती.

त्या सगळ्यात शिस्त एकच होती: एका वेळी एकच बदल, तीन लॅप, एक ओळ वहीत. रोडस्टरमध्ये पुढच्या अँटी-रोल बारच्या जोडीला मी मागचा बारही हलवला, ते पहिल्या बदलाचा परिणाम कळल्यानंतर. एकदम चार स्लायडर हलवले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे ते कळत नाही. बिघडली तर परत कुठे जायचं तेही कळत नाही. पहिला लॅप मोजू नका, टायर थंड असतात. स्वतःच्या सर्वोत्तम लॅपचं घोस्ट (त्या लॅपमधली पारदर्शक सावली-गाडी) लावता येत असेल तर लावा. कुठल्या वळणात तुम्ही पुढे जाता आणि कुठे मागे पडता ते डोळ्यांसमोर दिसतं.

थोडक्यात आणखी काही

दुसऱ्यांची ट्यूनिंग वापरायला हरकत नाही. फोर्झामध्ये ती डाउनलोड करता येते, पण स्लायडरचे आकडे कुलूपबंद असतात, त्यामुळे चालवून अंदाज घ्यायचा आणि आपली वेगळी बनवायची. शिवाय दुसऱ्याची ट्यूनिंग दुसऱ्याच्या हातासाठी असते. स्टिअरिंग व्हीलवर खेळणाऱ्याला चालणारी तिखट गाडी कंट्रोलरच्या छोट्या स्टिकवर सांभाळत नाही. कंट्रोलर असेल तर मागची बाजू एक पायरी शांत ठेवा.

फोर्झा मोटरस्पोर्ट २०२३ मध्ये आला तेव्हा गाडी चालवत राहून तिची लेव्हल वाढवली की एकेक पार्ट उघडत असे. खेळाडूंच्या नाराजीनंतर मार्च २०२४ मध्ये ती पद्धत बदलली. पार्ट्स कुलपात ठेवणं मलाही पटत नाही, पण त्यामागचा एक विचार मी ठेवून घेतलाय: स्टॉक गाडी ओळखीची झाल्याशिवाय तिच्यात काय कमी आहे ते सांगता येत नाही.

पीसीवर असेटो कोर्सा खेळत असाल तर पर्यायांना अंतच नाही. कंटेंट मॅनेजर या जोडप्रोग्राममध्ये मॉडची, म्हणजे इतरांनी बनवलेल्या गाडीची, फाइल ओढून टाकली की गाडी बसते. पण मूळ गाड्यांच्या डेटा फाइलमध्ये बदल करण्याआधी फोल्डरची प्रत बाजूला ठेवा. ऑनलाइन सर्व्हर या फाइल जुळतात का ते तपासतात आणि जुळल्या नाहीत तर आत घेत नाहीत. प्रयोगासाठी गाडीची वेगळ्या नावाची प्रत करा, मूळ गाडी तशीच राहू द्या.

सेटिंग जमलं की लगेच सेव्ह करा आणि नावात ट्रॅक, टायर आणि मर्यादा लिहा. मग त्याच्या दोन प्रती करा. एक खडबडीत ट्रॅकसाठी: गाडीची उंची वाढवा, स्प्रिंग आणि डॅम्पर मऊ करा, नाहीतर नॉर्डश्लाइफच्या कारुसेल या वळणात काँक्रीटवरून जाताना गाडीचं पोट घासेल आणि चाकं उडतील. दुसरी पावसासाठी: दोन्ही अँटी-रोल बार मऊ, विंग जास्त, ब्रेक बॅलन्स किंचित मागे, एलएसडीची ॲक्सिलरेशन सेन्सिटिव्हिटी कमी आणि इंटरमीडिएट किंवा हेवी वेट टायर. ही दुसरी प्रत आकाश निरभ्र असतानाच करून ठेवा. पाऊस चौथ्या लॅपला येतो आणि तेव्हा गॅरेज बंद असतं.